गावाकडची पंच्याहत्तरी आणि गर्दीत दमणारा माणूस : बेळगाव-खानापूर भागातल्या घरगुती सोहळ्याला जाताना

आज्जीची पंच्याहत्तरी ठरली की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात आधी फ्लेक्सचा नमुना येतो. मधोमध आज्जी, वर गणपती आणि कुलदैवत, खाली शुभेच्छुक म्हणून मुलं, सुना, लेकी, जावई आणि नातवंडांची रांग. त्या रांगेत आपलाही फोटो असतो, कुठल्यातरी लग्नातून कापून घेतलेला. माणसांत रमणारी भावंडं त्याच क्षणापासून दिवस मोजू लागतात. ज्याला मात्र दहा-वीस माणसांत दोन तास बसलं की डोकं जड होतं, त्याच्या पोटात गोळा येतो. आज्जीवर त्याची माया कमी नसते. त्याला धास्ती असते ती दोन दिवसांच्या सलग गर्दीची. त्याच्यासाठी, तिच्यासाठी हे लिहितो आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली मराठी घरं आता कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवा, बंगळूर अशी पांगली आहेत. सगळे एका छताखाली येतात ते लग्नाला, जत्रेला आणि हल्ली अशा मोठ्या वाढदिवसांना. त्यामुळे इथला वाढदिवस संध्याकाळी सात ते नऊ असा नसतो. आदल्या दिवशी दुपारी माणसं जमायला लागतात आणि शेवटचा पाहुणा कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख ही मांडणी लोकांसमोर ठेवली. अंतर्मुख माणसाचा शीण एकांतात उतरतो, एवढं त्यातलं आपल्या कामाचं. बुजरेपणा वेगळा, त्यात भीती असते. समारंभाच्या विचाराने आठवडाभर झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, माणसं टाळता टाळता कामधंदा अडत असेल, तर नुसत्या युक्त्यांवर राहू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे फोन करून बोला. बाकी जे नुसते गर्दीत दमतात, त्यांना माझं सांगणं एकच आहे: गावाकडच्या घरात बोलण्यापेक्षा हाताला जास्त किंमत आहे. एखादं काम अंगावर घ्या. बोलका माणूस ओसरीवर बसून जी जागा मिळवतो, ती तुम्हाला कामातून मिळते.

निमंत्रण आलं की आधी एक फोन

ग्रुपवर 'नक्की येणार' लिहून मोकळे होऊ नका. घरात ज्या बाईच्या हाती सगळं नियोजन आहे, बहुतेक मोठी वहिनी किंवा मामी, तिला सरळ फोन लावा. कार्यक्रम सकाळचा आहे की संध्याकाळचा, भटजी आहेत की नुसतं औक्षण, जेवण गोडाचं की तिखटाचं, मुक्कामाला किती माणसं आणि झोपायची सोय कुठे, एवढं विचारून घ्या. ही माहिती आधी हाती असली की निम्मी धास्ती तिथेच उतरते.

प्रत्येक उत्तराचा अर्थ वेगळा असतो. साठीला षष्ट्यब्दीपूर्ती, पंच्याहत्तरीला अमृतमहोत्सव, एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर सहस्रचंद्रदर्शन. यात शांतीचा विधी किंवा होमहवन असेल तर सकाळचे तीन-चार तास सगळे मुकाट्याने बसलेले असतात आणि आपल्यासारख्याला ते फार सोयीचं पडतं. लहान मुलाचा पहिला वाढदिवस सगळ्यात गोंगाटाचा: फुगे, साउंड सिस्टिम आणि नाचणारी पोरं. जेवण गोडाचं असेल तर पुरणपोळी-कटाची आमटी किंवा गव्हाची खीर, ज्याला या भागात हुग्गी म्हणतात. अशी पंगत लवकर उरकते. मटणाचा बेत रात्रीचा असतो आणि पुरुषमंडळींची बैठक त्यानंतरही लांबते. जास्त थांबायची ताकद नसेल तर कुठल्या वेळी निघायचं हे यावरून ठरवा.

त्याच फोनमध्ये आपला स्वभावही सांगून टाका. 'वहिनी, मी येणार, पण मला मधेच थोडा वेळ एकट्याला बसावं लागतं. दिसलो नाही तर रुसलोय असं समजू नका.' इतकं पुरे. नातेवाइकांना गप्प माणूस खुपत नाही. त्यांना खुपतो तो कारण न सांगता गप्प झालेला माणूस. घरातल्या एका माणसाला कारण ठाऊक असलं की तो बाकीच्यांना परस्पर समजावतो.

कधी पोहोचायचं

आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला. ऐन कार्यक्रमात पोहोचलात की सगळी माणसं एकदम अंगावर येतात: साठ नमस्कार, साठ चौकश्या, आणि त्याही लाउडस्पीकरच्या आवाजात. आदल्या दिवशी गेलात तर घरात मोजकी माणसं असतात, आणि पुढचे पाहुणे एकेक करून येतात. प्रत्येकाशी दोन मिनिटं नीट बोलणं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बघून नुसतं हसलं तरी चालतं.

परतायची वेळ निघण्याआधीच पक्की करा, तिकीट काढा आणि पोहोचल्या पोहोचल्या सांगून टाका: 'उद्या दुपारच्या गाडीनं जाणार.' ऐनवेळी निघतो म्हटलं तर आग्रह होतो. आधी सांगितलेल्या वेळेला मात्र लोक डबा बांधून देतात. परतल्यावर दुसऱ्या दिवशी रजा मिळत असेल तर घ्या, शीण उतरायला तेवढा दिवस लागतोच.

वाट

पुण्याहून बेळगाव राष्ट्रीय महामार्ग ४८ ने साधारण साडेतीनशे किलोमीटर, कोल्हापूरहून शंभर-सव्वाशे. कागलच्या पुढे कोगनोळीचा टोलनाका लागला की कर्नाटक सुरू झालं. मग निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव. ज्याला शेजारच्या प्रवाशाशी गप्पा नकोत त्याने जमेल तर रेल्वेने यावं. मिरज-बेळगाव-लोंढा हा लोहमार्ग खानापूरवरूनच जातो. आपली गाडी खानापूरला थांबते का एवढं तिकिटाआधी बघा, नसेल तर बेळगावला उतरून बस घ्या. खानापूर तिथून पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे.

दोन राज्यांमधली बस एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास किंवा सीमाप्रश्नावरून वातावरण तापलेलं असताना बंद पडू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं झालं होतं. अशा दिवसांत रेल्वेचं तिकीट काढून ठेवलेलं बरं.

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. ज्याला अनोळखी माणसाला विचारायचा संकोच आहे, त्याने गावाचं नाव कन्नड लिपीत कसं दिसतं याचा फोटो चुलतभावाकडून आधीच मागवून घ्यावा आणि पाटीशी जुळवून पाहावा. कंडक्टर मात्र बहुतेक वेळा मराठी समजतो. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ असेल तर बायकांना राज्याच्या साध्या गाड्यांत जून २०२३ पासून शक्ती योजनेत मोफत प्रवास आहे, त्यामुळे सणासुदीला आणि बाजाराच्या दिवशी गाड्या भरून वाहतात. खिडकीची जागा हवी तर स्थानकातूनच चढा, वाटेत हात दाखवून नको. जांबोटी-कणकुंबीकडच्या किंवा आडवळणाच्या गावांना दिवसातून मोजक्या गाड्या असतात आणि शेवटची असते ती वस्तीची. ती गावात मुक्काम करते आणि पहाटे परत निघते. तिची वेळ विचारून ठेवा. पहाटे निघायचं असेल तर तिच्यासारखी सोय नाही: गाडी अंगणासमोर उभी, आत शांत आणि अजून अंधार.

पावसाळ्यात मात्र वेळेचा भरवसा धरू नका. खानापूरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर पाऊस मुसळधार असतो, ओढ्यांवर पाणी येतं, वीज जाते, मोबाइलची रेंजही जाते. त्या दिवसांत एक दिवस हाताशी जास्त ठेवूनच निघा.

काय न्यावं

बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट या मिठाया तिथल्या माणसांना नेऊ नका, त्यांच्या दारातच मिळतात. आपण राहतो त्या गावचं काहीतरी न्या, आणि आज्जीला चावता येईल असं. तिच्यासाठी साडी घ्यायची तर बेळगावच्या शहापूर-वडगावच्या विणकरांची साडी ती मनापासून नेसेल.

माझ्या मते सगळ्यात चांगली भेट म्हणजे जुने फोटो. घरोघरी पत्र्याच्या पेटीत पडलेले कृष्णधवल फोटो मोबाइलवर उतरवून घ्या, मोठे छापा आणि एका साध्या अल्बममध्ये लावा. मागे नावं लिहायला जागा ठेवा. हा अल्बम तुमचीच सोय करतो. तो मांडीवर घेऊन बसलात की चार माणसं आपोआप भोवती जमतात, बोलणारे तेच असतात आणि तुम्ही नावं लिहून घेता. 'ही कोण? हे लग्न कुठल्या सालचं? मागे दिसतो तो वाडा कुणाचा?' अशा प्रश्नांनी दुपार निघून जाते. शिवाय ती नावं नंतर कुणाला सांगता येणार नाहीत, हे खरं कारण आहेच.

पहिला तास

अंगणात चपला काढा, पाय धुवा आणि वाटेत कुणीही अडवलं तरी आधी आज्जीकडे जा. पाया पडा आणि तिच्याजवळ टेका. तिने पाठीवरून हात फिरवला की तुमची हजेरी सगळ्या घरात लागली. तिथून थेट स्वयंपाकघरात. पाणी-गूळ किंवा चहा तिथेच उभ्याने घ्या. ओसरीवर पुरुषांच्या गोलात खुर्ची पुढे सरकवली जाते, तिथे लगेच बसू नका. एकदा बसलं की जेवणापर्यंत उठता येत नाही.

मग प्रश्न येतात. 'कवा आलास? एकटाच? सुट्टी किती हाय?' यांची उत्तरं सोपी आहेत. पाठोपाठ पगार, लग्न, मूल, वजन, फ्लॅट. यातल्या प्रत्येकाला एक वाक्य ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या. 'बघूया की काका, ठरलं की आधी तुम्हालाच सांगीन.' काकांना तपशील नको असतो, आपण विचारलं आणि पोरानं मान ठेवला एवढं हवं असतं. वाक्य संपलं की लगेच आपण विचारायचं, आणि जे विचाराल ते त्या गावाचं असू द्या. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू आणि ऊस: यंदा तोड कधी आली, कारखान्यानं बिल दिलं का. बेळगाव तालुक्यात भात, रताळी, भाजीपाला. खानापूरच्या जंगलालगतच्या गावांत भात आणि काजू, आणि गव्यांनी किती नासाडी केली हा न संपणारा विषय. भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे, तिथल्या शेतकऱ्याकडे रात्रीच्या राखणीच्या गोष्टी भरपूर असतात. एक खरा प्रश्न विचारला की समोरचा वीस मिनिटं बोलतो, आणि ऐकणं तर आपल्याला येतंच.

सीमाप्रश्न निघणार हे धरूनच चला. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण घरातल्या म्हाताऱ्यांसाठी ही सालं नसतात. कुणी मोर्चात लाठी खाल्लेली असते, कुणाच्या भावाने तुरुंग पाहिलेला असतो. अशा माणसाजवळ बसा आणि 'तेव्हा तुम्ही केवढे होतात?' एवढंच विचारा. वाद मात्र घालू नका. कन्नड शाळेत शिकलेल्या भाचीची किंवा कन्नड माहेर असलेल्या वहिनीची बाजू वेगळी असू शकते, आणि तीही याच घरची माणसं आहेत. त्या वहिनीच्या माहेरचे पाहुणे आले तर 'ऊटा आत्री?' म्हणजे जेवण झालं का, एवढं त्यांच्या भाषेत विचारा. पुढचं ते हसून मराठीत बोलतात.

काम मागून घ्या

या लेखातला हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा धरतो. 'काही मदत हवी का?' असं मोघम विचाराल तर 'अरे बस की, पाहुणा हाईस' असंच उत्तर येतं. कामाचं नाव घेऊन मागा: 'आहेराची वही मी लिहितो.' 'पंगतीला पाणी मी वाढतो.' नाव घेतलं की नाही म्हणायला कुणाला सुचत नाही.

आहेराची वही म्हणजे आपल्यासारख्याला मिळालेली सगळ्यात चांगली जागा. दाराशी टेबल, हातात पेन. प्रत्येक पाहुणा अर्ध्या मिनिटासाठी येतो, नाव-गाव आणि रक्कम सांगतो, पाकीट देतो आणि पुढे जातो. सगळ्यांशी बोलणं होतं, कुणाशीही लांबत नाही आणि हातात काम असल्यामुळे कुणी ओढून नेत नाही. वही नीट ठेवा: नाव, गाव, नातं, रक्कम किंवा वस्तू. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की परतीचा आहेर याच वहीवरून ठरतो, म्हणून अक्षर वाचता येण्यासारखं हवं. आज्जीने आहेर नको असं सांगितलेलं असेल तर त्याच टेबलावर एक मोठी वही ठेवा आणि येणाऱ्याला तिच्याबद्दल दोन ओळी लिहायला सांगा.

पंगतीत भाजी वाढणाऱ्याला आग्रह करावा लागतो. पाणी वाढणाऱ्याला फक्त 'पाणी?' म्हणावं लागतं. पहिल्या दोन पंगतींना पाणी वाढा आणि शेवटच्या पंगतीत आचारी आणि घरच्या बायकांबरोबर जेवा. ती पंगत शांत असते, सगळे दमलेले असतात आणि कुणाला गप्पांची घाई नसते.

याखेरीज खोबरं खवणणं, लसूण सोलणं, चिरमुऱ्यांचा चिवडा कालवणं, पोरांना घेऊन अंगणात पताका लावणं, खानापूरहून केक आणणं. केक आणायचं काम मिळालं तर घ्याच, येता-जाता तास-दीड तास गर्दीपासून दूर असता. पण उन्हाळ्यात क्रीमचा केक खडबडीत रस्त्यावर टिकत नाही. खोका मांडीवर धरायला एक शांत भाचरू बरोबर घ्या आणि घरी येताच केक फ्रिजमध्ये ठेवा.

पंचाहत्तर दिव्यांचं औक्षण

हे काम बहुतेक घरांत शेवटच्या दहा मिनिटांत आठवतं आणि गोंधळ उडतो. ते आदल्या रात्रीच आपल्याकडे घ्या. करायला एकांत लागतो आणि बघणारे सगळे खूश होतात.

पंचाहत्तर दिवे एका ताटात मांडू नका. ताट जड होतं, आच चेहऱ्यावर येते आणि ओवाळणारीचे हात थरथरतात. पाच ताटं घ्या, प्रत्येकात पंधरा दिवे, म्हणजे पाच सुवासिनींना एकेक ताट. आज्जीने स्वतःच्या विधवा लेकीला किंवा सुनेला ताट द्यायला सांगितलं तर ते आनंदाने द्या, औक्षण मायेचं असतं. दिवे कणकेचे करायचे तर कणीक घट्ट मळा, आकार देऊन आदल्या दिवशीच वाफवून ठेवा. पणत्या असतील तर ताटात तांदूळ पसरा, त्यात त्या हलत नाहीत. फुलवाती रात्रीच तुपात भिजवा, म्हणजे ऐनवेळी एका काडीत पेट घेतात. पेटवायला ताटामागे एक माणूस बसवा आणि मधल्या दिव्यापासून कडेकडे या, नाहीतर मनगट भाजतं. पंखे आधी बंद करा. पदर कमरेला खोचायला प्रत्येकीला आठवण करा आणि जवळ पाण्याची बादली ठेवा. एकदा ताटं पेटली की मागे सरका. त्या वेळी सगळ्यांचे डोळे आज्जीवर असतात आणि तुम्ही कोपऱ्यातून तिचा चेहरा बघू शकता. केक औक्षणानंतर कापा. फुंकर मारून मेणबत्ती विझवणं पुष्कळ घरांत चालत नाही, म्हणून नुसता केक कापा, मेणबत्तीवाचून काही अडत नाही.

एकांत कुठे मिळतो

गावाकडच्या घरात खोलीचं दार लावून घेणं म्हणजे आजारी पडणं किंवा रुसणं. त्यामुळे दार न लावता एकटं होता येईल अशा जागा आणि वेळा शोधाव्या लागतात.

सगळ्यात चांगली वेळ पहाटेची. पाचच्या आधी उठा. न्हाणीघराची रांग लागायच्या आत अंघोळ होते, आणि तोवर आज्जी चुलीपाशी किंवा बंबापाशी येऊन बसलेली असते. दिवसभर ती पाहुण्यांची असते, या वेळी ती तुमची एकट्याची. बोलायलाच हवं असं नाही, काटक्या पुढे सरकवत बसा. तिच्या लग्नाचं, माहेरच्या नदीचं, पहिल्या बेळगाववारीचं ती आपणहून सांगते. ज्याला गर्दीत बोलणं जमत नाही त्याने आज्जीसाठी द्यावा असा हाच वेळ आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासाचं सार्थकही यातच होतं.

दुपारी जेवणानंतर सगळं गाव आडवं होतं. 'जरा पडतो' म्हणा आणि माळ्यावर किंवा गोठ्याजवळच्या पडवीत वाकळ टाका. संध्याकाळी शेताकडं चक्कर मारा, पण एका माणसाला सांगून जा. न सांगता गेलात तर अर्धं घर शोधायला बाहेर पडतं आणि परतल्यावर त्याचीच चर्चा होते. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत अंधार पडल्यावर एकट्याने रानवाटेला जाऊ नका, गवे आणि अस्वलं असतात. पावसाळ्यात मलप्रभेच्या काठालाही नको.

रात्री माजघरात रांगेत अंथरुणं पडतात. आपली वाकळ भिंतीकडेला आधीच टाकून ठेवा, म्हणजे एकाच बाजूला शेजार राहतो. कानात घालायचे बोळे आणि बॅटरी बरोबर असू द्या.

माईक आणि पंगत

'आता नातू दोन शब्द बोलतील' हे वाक्य कधी येईल सांगता येत नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या भावंडाला आदल्या दिवशीच सांगा: 'मला बोलवू नको, मी आज्जीला पत्र लिहून देणार आहे.' आणि खरंच लिहा, मोठ्या अक्षरात, एक पान. ती ते पुन्हा पुन्हा वाचून घेते. बोलावंच लागलं तर तीन वाक्यं पुरतात: मी कोण, आज्जीने माझ्यासाठी केलेली एक गोष्ट, आणि नमस्कार. ती एक गोष्ट मात्र नेमकी हवी. 'आज्जी प्रेमळ आहे' यापेक्षा 'दहावीच्या परीक्षेला आज्जी रोज पहाटे चारला माझ्यासाठी चहा करायची' हे लोकांच्या लक्षात राहतं.

साउंड सिस्टिमपासून तिरकं आणि मागे बसा, स्पीकरच्या समोरच्या रांगेत कधी नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे मोठा आवाज तोवर आटोपतो हे मनाशी धरा.

पंगतीत पहिल्यांदा सगळं थोडं थोडंच घ्या. आग्रह होणारच, आणि पानात जागा असेल तर तो स्वीकारता येतो. भरल्या पानावर हात आडवा धरण्यापेक्षा अर्धी पोळी मागून घेणं वाढणाऱ्याला सुखावतं. 'साकु', म्हणजे पुरे, हा कन्नड शब्द या भागात मराठी पंगतीतही लगेच कळतो. शेजारचे उठेपर्यंत पानावरून उठू नका.

घरातलं मूल अबोल असेल तर

आईवडिलांना एवढीच विनंती. त्याला 'नाच की', 'कविता म्हण की', 'आत्तीला पापी दे' म्हणून पुढे ढकलू नका. पाया पडायला सांगा, तेवढं पुरे. एक चुलतभावंड आणि एक काम जोडून द्या, वाती मोजायच्या किंवा चप्पलांच्या जोड्या लावायच्या. 'आमचा जरा लाजाळू आहे' हे त्याच्यासमोर दहा जणांना सांगू नका, ते मूल तो शब्द आयुष्यभर वागवतं. त्याला कंटाळा आला की कुणाकडे जायचं हे आधी सांगून ठेवा.

आणि यजमानांनो, तुमच्या घरी असा भाचा-पुतण्या येणार असेल तर 'तोंड उघड की जरा' म्हणू नका. त्याच्या हातात वही द्या.

निरोप

गुपचूप निघून जाऊ नका. गावात ते कायमचं लक्षात राहतं, आणि दोन दिवस केलेलं सगळं त्यात वाया जातं. गाडीच्या आधी तासभर उठा. निरोपाला तेवढा वेळ लागतोच: देवाला नमस्कार, मोठ्यांच्या पाया पडणं, बायकांना हळदीकुंकू, मग 'जरा चहा घेऊन जा', मग पिशवी. पिशवीत तांदूळ, काजू, शेंगदाण्याची चटणी, चार भाकऱ्या बांधलेल्या असतात. एक रिकामी मजबूत पिशवी बरोबर नेलेली असली तर बरं, आणि नको म्हणू नका. आज्जीचा निरोप सगळ्यात शेवटी घ्या, म्हणजे तिच्याजवळ रेंगाळता येतं. 'जातो' म्हणू नका, 'येतो' म्हणा.

परतल्यावर दोन-तीन दिवसांत ग्रुपवर निवडक वीस-पंचवीस फोटो टाका, सगळे तीनशे नकोत. वहीचा फोटो वहिनीला वेगळा पाठवा. आणि आठवड्याभराने, घर रिकामं झालं असेल तेव्हा, आज्जीला फोन करा. दुपारी चारची वेळ बरी, तेव्हा ती उठलेली असते आणि जवळ कुणी नसतं. अल्बममधल्या ज्या फोटोंवर नावं लिहायची राहिली, ती तेव्हा एकेक करून विचारता येतात.